बॉक्सवुडची झुडपे आणि चंद्रपूरचा मे महिना

घरच्या बागेविषयी सल्ला देणाऱ्या लेखांत बॉक्सवुडचे नाव अधूनमधून भेटते. बारीक चकचकीत पाने, संथ वाढ आणि कात्री लावावी तसा आकार, या गुणांमुळे कुंपणाला हेच झुडूप लावा, असे त्यांत सांगितलेले असते. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेने हा सल्ला तंतोतंत पाळला. जुलैत लावलेली रोपे होळीपर्यंत टवटवीत होती. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा ओळीने वाळलेल्या काटक्या उभ्या होत्या. मुले हिरमुसली आणि शिक्षकांनी स्वतःलाच दोष दिला. आमच्या मते दोष सल्ल्याचा होता.

सल्ला खोटा नव्हता. पाण्याचा निचरा होणारी जमीन, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन, मुळांजवळ खोल खणू नये, हे सारे बरोबरच आहे. पण ते जिथले आहे तिथे. बॉक्सवुड मूळचे युरोपचे व पश्चिम आशियाचे. हिमालयातही त्याची एक जात वाढते. त्याची मुळे उथळ असतात. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या वर जाणे नवे नाही. अशा वेळी आधी तापतो आणि सुकतो तो मातीचा वरचा थरच. आपल्या जंगलातला साग उन्हाळ्यापूर्वी पाने टाकून देतो आणि बाष्पोत्सर्जनाचा खर्च वाचवतो. सदाहरित बॉक्सवुडला ही सोय नाही. त्यात विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात, म्हणजे झाडाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच पाणी घालणारे हात सुट्टीवर असतात! पुढे पावसाळ्यात उलटा प्रकार. चंद्रपूर-गडचिरोलीचा बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत पडतो, चिकण जमिनीत पाणी साचते आणि तीच उथळ मुळे कुजतात. या लेखांत ‘नियमित पाणी द्यावे’ एवढेच असते. कोणत्या महिन्यात, कोणत्या मातीत, हे नसते.

आमचा दुसरा आक्षेप शिक्षकांना अधिक जवळचा वाटेल. छाटणी करा म्हणजे झुडूप दाट होईल, असे लिहितात. का होईल ते लिहीत नाहीत. शेंड्याच्या कळीत तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवते. शेंडा कापला की त्या कळ्या फुटतात. मेंदीची सारख्या उंचीची दोन रोपे घेऊन एकाचाच शेंडा खुडावा आणि दर आठवड्याला फांद्या मोजाव्यात. पावसाळ्यात महिन्याभरात फरक दिसू लागतो.

मग लावावे काय? मेंदी हे जुने, काटक उत्तर आहे. बॉक्सवुडसारखीच गर्द हिरवळ हवी असेल तर कुंती, म्हणजेच कामिनी. इंग्रजीत तिला ‘चायनीज बॉक्स’ म्हणतात हा योगायोग नव्हे. तिचे घट्ट लाकूडही बॉक्सवुडऐवजी वापरले गेले आहे. मध्य भारताच्या पानझडी जंगलांत ती ओढ्याकाठी, सावलीत आपोआप वाढते. ती लिंबाच्या कुळातली. पान उजेडासमोर धरले की तैलग्रंथींचे ठिपके दिसतात आणि त्याच पानांवर काही फुलपाखरांच्या अळ्या पोसतात.

मात्र कुंतीचीही आंधळी शिफारस आम्ही करणार नाही. संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारा सिट्रस सायला हा कीटक कुंतीवर आवडीने वाढतो. ज्यांच्या शेजारी संत्र्याची बाग आहे त्यांनी मेंदीच लावावी. कुंपणासाठी, शोभेसाठी आणलेली घाणेरी मध्य भारताच्या जंगलांत कशी माजली, हे गडचिरोलीच्या वाचकांना सांगायला नकोच.

कुंतीची पिकलेली लाल फळे मिळाली तर गर धुऊन बिया लगेच पेराव्यात. ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते. रोपे पहिल्या चांगल्या पावसानंतर दीड-दोन फुटांवर लावावीत. पहिले दोन उन्हाळे दोन रोपांमध्ये एक भाजलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ठेवावे. ते भरायला सुट्टीत शाळेजवळच्या एखाद्या मुलाला सांगता येते. आणि एप्रिल-मेमध्ये कात्री मुळीच लावू नये. वरची पाने गेली की आतली, सावलीत वाढलेली पाने उघडी पडतात आणि दोन दिवसांत करपतात.