रोमेल ओळखीचा, केरेन अनोळखी

वांगणीहून कल्याणकडे जाताना तिसरे स्थानक उल्हासनगर. तेथे उतरल्यावर रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असेच सांगावे लागते. हा कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. याच कॅम्पातल्या रद्दीवाल्यांकडून मी गेली तीस वर्षे युद्धाची पुस्तके विकत घेतो आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे त्या गठ्ठ्यांतले.

शोधत होतो एकच गाव, केरेन. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत शिपाई होते. त्यांचे डिस्चार्ज बुक आजीने रेशनकार्डाबरोबर जपून ठेवले होते. जेवताना कधीतरी 'केरन' हा शब्द त्यांच्या तोंडून निघे, आणि मग ते गप्प होत.

मराठी वाचकाला दुसरे महायुद्ध शिकवले ते मुख्यतः वि. स. वाळिंबे आणि वि. ग. कानिटकर यांनी. 'हिटलर', 'वॉर्सा ते हिरोशिमा', 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' ही पुस्तके नसती तर माझ्यासारखा माणूस या विषयाकडे वळलाच नसता. जाडजूड इंग्रजी ग्रंथ पचवून ते इतक्या वाहत्या मराठीत सांगणे सोपे नव्हे. पण आज ही शीर्षकेच मला थांबवतात. भस्मासुराच्या कथेत एक असुर असतो, त्याला मिळालेला वर असतो आणि त्याचा अंत असतो. शिपाई लागत नाही. वॉर्सा आणि हिरोशिमा या दोन टोकांमध्ये केरेनसारख्या गावाला जागा तरी कुठली मिळणार? या पुस्तकांनी मला रोमेल दाखवला, चर्चिल दाखवला. आजोबा ज्या डोंगरावर चढले तो डोंगर मला दुसरीकडे शोधावा लागला.

तो सापडला 'द टायगर स्ट्राइक्स' या पुस्तकात. १९४२ साली हिंदुस्थान सरकारच्या प्रसिद्धी खात्याने काढलेला हा उघड प्रचार आहे आणि तो तसाच वाचायला हवा. पण पलटणींची नावे त्यात आहेत. एरिट्रियातले केरेन हे डोंगरांनी वेढलेले गाव. अस्मारा आणि पुढे मसावा बंदराकडे जाणारी वाट तेथल्या अरुंद घळीतून जाते, आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांवर इटालियन सैन्य बसलेले होते. फेब्रुवारी १९४१ च्या आरंभापासून २७ मार्चपर्यंत लढाई चालली. कडे इतके उभे की पाणी, गोळ्या, शिधा सारे माणसांनी पाठीवर वाहून वर नेले. केरेन पडले, मसावा पडले, आणि एप्रिलमध्ये रूझवेल्टने तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळला. अमेरिकन जहाजांना सुएझची वाट मोकळी झाली. ही काही कोपऱ्यातली चकमक नव्हती.

मग मराठीत तिची अशी उपेक्षा का? साधने इंग्रजी, हे कारण खरे पण अपुरे. खरी अडचण संकोचाची आहे. स्वातंत्र्यानंतर लिहिणाऱ्याला आझाद हिंद सेनेबद्दल अभिमानाने लिहिता येत होते. पगार इंग्रजांचा घेणाऱ्या शिपायाचे काय करायचे, हे ठरत नव्हते. 'भाडोत्री' म्हणावे तर तो आपल्याच घरातला, 'वीर' म्हणावे तर झेंडा परका. त्यापेक्षा तो नसलेलाच बरा. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. लष्करभरतीचा हक्क परत मिळावा म्हणून एका समाजाने किती वर्षे मागणी केली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला 'भाडोत्री' हा शब्द वापरताना अडखळायला होईल.

पहिल्या महायुद्धाबाबत तर तुलना अधिकच बोचरी आहे. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कुट येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. त्यात मराठा पलटणी होत्या. त्याच वेढ्यात बंगाली रुग्णसेवा पथकातले शिशिर सर्वाधिकारी कैद झाले आणि त्यांनी 'अभि ले बगदाद' हे पुस्तक बंगालीत लिहिले. आपल्या खेड्यांत उरला तो 'बसऱ्याची लढाई' एवढाच शब्दप्रयोग.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांवर मात्र मराठीत चांगले काम झाले आहे. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांची 'डोमेल ते कारगिल' आणि १९६२ च्या पराभवावरील 'न सांगण्याजोगी गोष्ट' ही दोन पुस्तके मी वरच्या रांगेत ठेवतो. पराभवाबद्दल मराठीत सविस्तर पुस्तक लिहिणे हेच धाडस. पण ते फौजी अधिकाऱ्याचे लेखन आहे. नजर नकाशावरची, आणि ते स्वाभाविकही आहे. शिपायाच्या उंचीवरून पाहणारे पुस्तक वेगळे असेल.

त्यासाठी साहित्य घरोघर पडून आहे. नाईक यशवंत घाडगे हे आजोबांच्याच पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. ज्यांना पुतळा नाही त्यांची डिस्चार्ज बुके, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या ट्रंकांत आहेत. काही माझ्या डोळ्यांदेखत कॅम्पातल्या तराजूवर चढल्या.

आजोबांना मी एकदा सरळच विचारले होते, केरेनला काय झाले? म्हणाले, "वर जाताना पाणी न्यायचं का गोळ्या, यावरून आम्ही भांडायचो. मी पाणी नेलं." एवढेच सांगून त्यांनी विडी पेटवली.