एमक्यूटीटी : निरोपाची सोय, ओळखीची गैरसोय

बागेतील तापमान मोजणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि त्यावरून पंप चालू-बंद करणारा दुसरा, असा प्रकल्प विज्ञान प्रदर्शनांत हमखास दिसतो. या दोघांतील निरोपांची देवाणघेवाण बहुधा एमक्यूटीटी या पद्धतीने होते. ही पद्धत ज्या रीतीने प्रमाणित झाली आणि ज्या रीतीने शिकवली जाते, त्याबद्दल आमची तक्रार आहे.

आधी तिचे गुण मान्य करू. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी १९९९ साली ती तेलवाहिन्यांवरील उपकरणांसाठी रचली. उपग्रहामार्फत निरोप धाडणे महाग, म्हणून एकेक बाइट वाचवायचा होता. सर्वांत लहान निरोप अवघ्या २ बाइटांचा असतो. शिवाय उपकरणे एकमेकांशी थेट बोलत नाहीत; मध्ये ‘ब्रोकर’ असतो, बाजार समितीतल्या आडत्यासारखा. एकाने ‘शाळा/बाग/तापमान’ या विषयाखाली निरोप टाकायचा. ज्यांनी तो विषय मागितला असेल त्यांना ब्रोकर तो पोहोचवतो.

पण आडत्या माणसे चेहऱ्याने ओळखतो. ब्रोकरला कळते ते उपकरणाने सांगितलेले नाव, आणि विचारलाच तर पासवर्ड. १८८३ क्रमांकाच्या साध्या पोर्टवर तो पासवर्डही पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जातो. परवानग्यांची यादी केलेली नसेल, तर विषय म्हणून नुसते ‘#’ हे चिन्ह मागणाऱ्याला सगळ्यांचे निरोप मिळतात. वाचण्याचे एक वेळ सोडून देऊ. ‘शाळा/बाग/पंप’ या विषयाखाली कुणीही ‘चालू’ असे लिहू शकतो. त्या निरोपावर ‘राखून ठेवा’ अशी खूण असेल, तर बोर्ड बंद करून पुन्हा लावला तरी ब्रोकर तोच निरोप पुन्हा हाती ठेवतो. टाकी रिकामी असली तर पंप कोरडाच फिरत राहतो.

ओअ‍ॅसिस या संस्थेने २०१४ साली ३.१.१ ही आवृत्ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे पाचवे प्रकरण सुरक्षिततेवर आहे आणि ते केवळ मार्गदर्शनपर आहे, बंधनकारक नाही. तेलवाहिनीच्या बंदिस्त जाळ्यात हे चालून गेले असेल. घराघरांत जाणाऱ्या पद्धतीला ते शोभत नाही.

त्याहून आम्हाला खटकते ती दुसरीच गोष्ट. या आवृत्तीत एखाद्या उपकरणाला निरोप टाकण्याची परवानगी नसेल, तर तसे त्याला सांगण्याची सोयच नाही. ब्रोकरने एकतर नेहमीसारखी पोच द्यावी किंवा जोडणी तोडावी. म्हणजे विद्यार्थी कष्टाने परवानग्यांची यादी लिहितो, तीत एक अक्षर चुकते, ‘पोहोचला’ अशी पोच येते आणि पंप मात्र हलत नाही. चूक कुठे हे कळत नाही. मग तो यादीच काढून टाकतो. त्याला दोष कसा द्यावा?

पाठ लिहिणारे मात्र दोषमुक्त नाहीत. मॉस्किटो या लोकप्रिय ब्रोकरने डिसेंबर २०२० मधील २.० आवृत्तीपासून बाहेरच्या अनोळखी जोडण्या आपणहून घेणे थांबवले. उत्तम सुधारणा! पण जुने पाठ त्यामुळे चालेनासे झाले, आणि अनेकांनी त्यावर उपाय दिला तो अनामिकांना पुन्हा मुभा देणाऱ्या ओळीचा. काही पाठ पुढे जाऊन टीएलएस वापरतात, म्हणजे निरोप सांकेतिक करून ८८८३ पोर्टवरून पाठवतात. पण ब्रोकरचे प्रमाणपत्र तपासणे बंद ठेवतात. प्रमाणपत्राची मुदत तपासायला आजची तारीख लागते, आणि नुकत्याच सुरू झालेल्या बोर्डाला ती ठाऊक नसते; ती आधी जाळ्यावरून मागवावी लागते. एवढा एक टप्पा टाळण्यासाठी आपण कुणाशी गुप्त बोलतो आहोत हेच पाहायचे राहून जाते. आणि प्रमाणपत्र नीट तपासले, तरी पंपाला आज्ञा देण्याचा अधिकार कुणाचा हा प्रश्न उरतोच. तो परवानग्यांच्या यादीनेच सुटतो : तापमानाच्या बोर्डाने फक्त तापमान लिहावे, पंपाच्या बोर्डाने फक्त आज्ञा वाचावी.

२०१९ च्या पाचव्या आवृत्तीत नकार कळवण्याची सोय आली. वर्गात प्रयोग करायचा तर तीच आवृत्ती घ्यावी आणि पोच मागणारा निरोप तापमानाच्या बोर्डाकडून मुद्दाम पंपाच्या विषयाखाली टाकावा. यादी बरोबर असेल, तर पोचेत १३५ हा अंक येईल : परवानगी नाही.