ग्नोम ४८ : साथीदाराची कला

ग्नोम हा लिनक्सवरचा एक जुना, प्रतिष्ठित डेस्कटॉप. मार्च २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ४८ या आवृत्तीला ‘बंगळुरू’ हे नाव मिळाले, कारण ग्नोमची आशियाई परिषद डिसेंबर २०२४ मध्ये त्या शहरात भरली होती. ही आवृत्ती मी फेडोरा ४२ या लिनक्स वितरणासोबत, कराडच्या विद्यानगरात, एका जुन्या लॅपटॉपवर लावली.

पहिल्या नजरेत नवे काहीच दिसत नाही. वर एक काळी पट्टी, खाली मोकळा पडदा. २०११ मध्ये ग्नोम ३ ने खालची टास्कबार आणि खिडकी लपवण्याचे बटण काढून टाकले, तेव्हा अनेक जण चिडून दुसरीकडे गेले. ग्नोम मात्र आपल्या काटकसरीवर ठाम राहिला. त्यामुळे ४८ ची चव वापरताना, तीही हळूहळू कळते.

सर्वांत सुंदर बदल तर डोळ्यांना दिसतच नाही. पडद्यावर एक चित्र असते तेव्हा आत पुढचे तयार होत असते. ग्राफिक्सवर ताण आला की ते वेळेत होत नाही आणि सरकती खिडकी अडखळते. आता अशा वेळी आणखी एक चित्र आगाऊ करायला घेतले जाते. ताण ओसरला की ही जादा तयारी थांबते. यालाच ट्रिपल बफरिंग म्हणतात. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या डॅनियल व्हॅन व्हुग्त यांनी हे काम सुमारे ५ वर्षे लावून धरले. उबंटूत ते आधीपासून होते, मूळ ग्नोममध्ये आता आले. चांगला तबलजी गायक रेंगाळला तरी ठेका ढळू देत नाही, आणि आपण सावरून घेतले हे जाणवूही देत नाही. माझ्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. तरीही सगळ्या खिडक्या एकत्र दाखवणारे दृश्य सलग उलगडते.

हाच संयम इतरत्र आहे. एका अ‍ॅपच्या सूचना आता एकावर एक रचल्या जातात आणि क्लिक केल्यावरच पसरतात. पडद्यासमोरचा ठरवलेला वेळ संपला की पडदा करडा करण्याची सोय आहे. ती दटावत नाही, फक्त रंग काढून घेते. ज्या लॅपटॉपला जमते त्यावर चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवता येते. दिवसभर प्लगला लावलेल्या मशीनची बॅटरी त्यामुळे जास्त टिकते.

मराठी वाचकाने अक्षरांकडे मात्र थांबून पाहावे. जुना कॅन्टारेल फॉन्ट जाऊन इंटर या फॉन्टवर बेतलेला अद्वैता सान्स आला. रोमन मजकूर त्यात नेटका दिसतो, पण देवनागरी त्यात नाही. ती दुसऱ्या फॉन्टकडून उसनी घेतली जाते. एकाच ओळीत इंग्रजी फाइलचे नाव आणि मराठी शब्द आले की दोन्हींची जाडी जुळत नाही. मात्र भाषा मराठी निवडली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी ल आणि श यांची मराठी वळणे वापरते. भाषा इंग्रजी ठेवली की हीच अक्षरे हिंदी वळणाने येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ल आणि श यांची जी वळणे धरली, ती अशा रीतीने एका सेटिंगवर अवलंबून राहतात.

पण ते सेटिंग बदलले की उणीव उघडी पडते. मराठी अनुवाद अपुरा आहे. एक मेनू मराठीत, त्याच्या पोटातला पर्याय इंग्रजीत. इतक्या लयदार रचनेत हा बेसूर टोचतो, आणि तो परिषदेतून किंवा कंपनीकडून दुरुस्त होणार नाही. ग्नोमचे अनुवाद स्वयंसेवक करतात, ‘डॅम्ड लाइज’ नावाच्या त्यांच्या यंत्रणेवर, आणि तिथे कुणालाही नाव नोंदवता येते.

आवृत्ती म्हणून ४८ पक्की आहे. जुन्या लॅपटॉपवर ती बेलाशक घ्यावी. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, कराडमध्ये १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींनी अनुवादासाठी एकेक मेनू वाटून घ्यावा. प्रोग्रामिंग येत नसले तरी चालेल, मराठी नीट यायला हवे.