नळी खाली, किंमत वर

पिस्तुलाविषयी मत देण्याचा तुमचा अधिकार काय, असं कोणी विचारलंच तर मी नाट्यसमीक्षकांकडे बोट दाखवीन. त्यांच्यापैकी कितीजणांनी तोंडाला रंग लावलेला असतो? मी निदान दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल चालवलेलं आहे. टिकल्यांची ती लाल गुंडाळी आत बसवली की पहिले चार बार झकास उडायचे, पाचव्याला पट्टी अडकायची, आणि मग उरलेल्या टिकल्या एका दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं फोडायच्या. पिस्तूल ऐन वेळी अडकतं, हे शस्त्रविद्येतलं मूलभूत ज्ञान मला वयाच्या सातव्या वर्षीच झालं. मोठ्या माणसांच्या पिस्तुलातही हा प्रश्न अगदीच सुटला आहे असं नाही. फक्त तिथं दगडाची सोय नसते.

खऱ्या पिस्तुलाच्या बाबतीत सरकारनंच माझी काळजी घेतली आहे. ज्या पिस्तुलाबद्दल मी लिहितो आहे त्याची गोळी नऊ मिलिमीटरची, आणि हे माप आपल्याकडच्या शस्त्र कायद्यात सामान्य नागरिकाला निषिद्ध. म्हणजे ज्या वस्तूची किंमत रास्त की अवाजवी हे मी ठरवणार, ती मला कोणी फुकट दिली तरी घेता यायची नाही. समीक्षकाला याहून तटस्थ जागा ती कुठली मिळणार?

हा विषय माझ्यापर्यंत आला तो टेक्सासमधल्या भाच्यामुळं. तो तिथं आठवडाभर कॉम्प्युटरपुढं बसतो आणि रविवारी एका क्लबात जाऊन, घड्याळ लावून, लोखंडी तबकड्यांवर गोळ्या झाडतो. (ताई, म्हणजे त्याची आई, असं समजून आहे की रविवारी तो महाराष्ट्र मंडळात जातो.) त्यानं फोनवर विचारलं, "मामा, एक पिस्तूल घ्यावंसं वाटतंय. पाच हजार डॉलर. घेऊ का?"

"मला त्यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

"म्हणून तर विचारतोय. ज्यांना कळतं ते सगळे विकायला बसलेत."

या पिस्तुलाचं नाव 'एलियन', म्हणजे परग्रहावरचं. प्रत्यक्षात ते प्राग शहरातलं आहे. लाउगो आर्म्स नावाच्या छोट्या कंपनीनं ते २०१९ मध्ये बाहेर काढलं. ते आखणारे गृहस्थ यान लुचान्स्की. झेक कारखान्याची 'स्कॉर्पियन ईव्हो' नावाची जी सबमशिनगन आहे, तीही मुळात त्यांच्याच डोक्यातून निघालेली. तेव्हा हा कोणी गॅरेजमध्ये बसून स्वप्नं बघणारा नवशिक्या नव्हे. पहिली आवृत्ती पाचशे नगांची काढली आणि किंमत ठेवली सुमारे पाच हजार डॉलर. आजच्या भावानं चार लाखांच्या वर झाले. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती पाचशेची निघते तेव्हा लेखकाला चहासुद्धा मिळत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता या चार लाखांत मिळतं काय?

ते कळण्यासाठी नेहमीचं पिस्तूल आधी समजून घ्यायला हवं. गोळी पुढं सुटते आणि धक्का मागं येतो. हा धक्का येतो नळीच्या रेषेत, आणि नळी असते मुठीच्या वर. त्यामुळं प्रत्येक बाराला पिस्तूल नुसतं मागं येत नाही, तोंड वर करून उसळतं. मग ते खाली आणा, पुन्हा नेम धरा, पुन्हा बार. नळी मुठीच्या जितकी वर, तितकी उसळी जास्त. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी रचना बसवून दिली, तिच्यात बार होताच नळीनं मागच्या बाजूला जरा खाली झुकायचं असतं. तिला झुकायला जागा हवी, तिच्याखाली स्प्रिंगला जागा हवी. म्हणून नळी वरच्या मजल्यावर. गेली शंभर वर्षं बहुतेक पिस्तुलं याच नकाशावर बांधली गेली. आमच्याकडच्या सोसायट्यांसारखं. एकदा नकाशा पास झाला की मोरी तिथंच.

लुचान्स्कींनी नकाशाच उलटा केला. नळी पक्की बसवली. ती हलत नाही की झुकत नाही. मग तिला खाली आणली, इतकी खाली की हात आणि नळीची रेषा यांत जेमतेम १.७ मिलिमीटरचं अंतर राहतं असं कंपनी सांगते. घोड्याची यंत्रणा, दट्ट्या वगैरे मंडळी नळीच्या वर टांगली. घरातलं सगळं सामान माळ्यावर टाकावं आणि आपण जमिनीवर गादी घालून झोपावं, तसा हा प्रकार. झोपणाऱ्याला पडायची भीती नाही.

पण नळी झुकत नाही तर गोळीचा दाब असेपर्यंत पिस्तूल बंद कसं राहतं? इथं मला आमच्या स्वयंपाकघराचा उपयोग झाला. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर असतो ना, त्यात वाफच झाकणाला दाबून धरते. वाफ आहे तोवर ते उघडायचं नाही. इथंही नळीतला थोडा गॅस दट्ट्यावर येतो आणि स्लाइडला मागं जाण्यापासून थोपवतो. गोळी बाहेर पडली, दाब उतरला, की स्लाइड मोकळी. आणखी एक गंमत म्हणजे वरची पट्टी, जिच्यावर नेम धरायचा, ती जागची हलतच नाही. स्लाइड तिच्या खालून मागंपुढं पळते. नेहमीच्या पिस्तुलात नेमाची खूण दर बाराला मागं जाऊन पुढं येते. इथं ती सभ्य माणसासारखी बसून राहते.

तेव्हा कल्पना खोटी नाही. कित्येक नव्या वस्तूंत नवेपणा फक्त रंगात असतो. इथं तो हाडात आहे. पाच हजारांपैकी काही डॉलर मी आनंदानं इथंच सोडून देतो.

प्रश्न आहे उरलेल्यांचा. या बाजारातला खडूस व्यापारी म्हणजे ग्लॉक. गॅस्टन ग्लॉक हे ऑस्ट्रियातले कारखानदार. पडद्यांच्या दांड्या आणि सुऱ्या बनवत. पिस्तूल त्यांनी आधी बनवलेलं नव्हतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं त्यांचं प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल घेतलं तेव्हा तेही विचित्रच दिसत होतं. पण ते भाग कमी आणि खर्च कमी या दिशेनं विचित्र होतं. आज ते अमेरिकेत पाचसहाशे डॉलरना मिळतं आणि चिखलातून काढलं तरी चालतं. विचित्रपणा स्वस्तही असू शकतो, हे ग्लॉकनं दाखवून ठेवल्यामुळं महाग विचित्रांची पंचाईत झाली आहे.

महाग विचित्रांचा इतिहास फारसा आनंदाचा नाहीच. गॅसचा हाच ब्रेक जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'पी सेव्हन'मध्ये बसवला होता. नळी पक्की, नेम उत्तम, मूठ आवळली की तयार आणि सोडली की शांत. जर्मन पोलिसांनी ते वापरलं, जाणकारांनी वाखाणलं. पण फार बार केले की चापाच्या वरचा भाग हाताला चटका देण्याइतका तापायचा, आणि किंमत तर न झाडताही चटका द्यायची. २००८ पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. एलियनमध्ये दट्ट्या वर नेला आहे तो बोटांपासून ही आग दूर ठेवण्यासाठीही. लुचान्स्कींनी इतिहास वाचलेला दिसतो.

दुसरं उदाहरण खुद्द भाच्याच्या टेक्सासमधलं. हडसन नावाच्या कंपनीनं २०१७ मध्ये नळी खाली आणणारं 'एच नाइन' काढलं. किंमत अकराशे डॉलरच्या वर. लोकांनी कौतुकानं उचललं. २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि घेणाऱ्यांच्या हातात राहिलं एक सुंदर पिस्तूल, ज्याची स्प्रिंग मोडली तर देणारं कोणी नाही. २०२४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं ती रचना सुधारून पुन्हा आणली खरी, पण पहिल्या गिऱ्हाइकांना त्याचं काय! चारचौघांसारखी वस्तू घेतली की तिचे सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात. जगावेगळी वस्तू घेतली की तिच्या कारखानदाराच्या प्रकृतीला जपावं लागतं.

एवढ्यावर मी निकाल देऊन टाकणार होतो, पण भाच्यानं वकिली केली. "मामा, तू एलियनला ग्लॉकशेजारी बसवतोयस. शर्यतीच्या पिस्तुलांशेजारी बसव." हे त्याचं म्हणणं रास्त आहे. स्पर्धेतली मंडळी जी पिस्तुलं वापरतात, त्यांतली बरीचशी अमेरिकन सैन्यानं १९११ मध्ये घेतलेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलाच्या वंशातली. कारागीर ती हातानं घासूनपुसून जुळवतात आणि तीन, चार, पाच हजार डॉलर सर्रास घेतात. म्हणजे शंभर वर्षांच्या जुन्या कल्पनेला पॉलिश करायला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात इथं नवी कल्पना मिळते. या पंगतीत एलियन महाग नाही. थोडक्यात नग, पोलादात कोरलेले भाग आणि वर्षानुवर्षांची खटपट: हिशेब जमतो.

मग भाच्यानं घ्यावं का? मी त्याला मांडून दाखवलं. साधं पिस्तूल घेतलंस तर चार हजारांच्या वर डॉलर उरतात. तुझ्याकडे नऊ मिलिमीटरची साधी गोळी अलीकडे पाव डॉलरच्या आसपास पडते. म्हणजे पंधरा हजारांच्या वर गोळ्या झाल्या. पंधरा हजार गोळ्या नीट लक्ष देऊन झाडणारा माणूस त्या तबकड्यांचं जे करील, ते कोणतंही परग्रहावरचं यंत्र नवशिक्याला करून देणार नाही. ज्यानं त्या पंधरा हजार आधीच झाडल्या आहेत आणि जो आता दोन बारांमधल्या शतांश सेकंदासाठी झुरतो आहे, त्यानं एलियन खुशाल घ्यावं.

यावर त्यानं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या त्या तुर्की नेमबाजाचा, युसुफ दिकेचचा, दाखला दिला. साधा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक. "म्हणजे साधनात काही नसतं, असंच ना?" तसंही नाही. सगळ्या जगानं त्याचा खिशातला हात पाहिला. दुसऱ्या हातात स्पर्धेचं चोख पिस्तूल होतं ते कोणी पाहिलं नाही. साधन चांगलं हवंच. फक्त ते आपल्या हाताच्या फार पुढं गेलेलं नको. मुलानं पेटी शिकायला सुरुवात केली की त्याला कोणी मैफलीची पेटी आणून देत नाही, ती पेटी वाईट असते म्हणून नव्हे.

किंमतीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मनापासून बोलावीशी वाटते. पिस्तूल ही शेवटी माणूस मारण्यासाठी निघालेली वस्तू आहे. तिनं जगाचं जे नुकसान केलं ते साध्या, स्वस्त, हाताशी येणाऱ्या नगांनी. आपल्याकडे त्याला कट्टा म्हणतात. पाच हजार डॉलरचं पिस्तूल घेऊन कोणी दरोडा घालायला निघत नाही, धंदा परवडायचा नाही. ते मखमली पेटीतून क्लबात जातं, तबकड्या पाडतं आणि पुसून परत येतं. जगातल्या सगळ्याच पिस्तुलांना ही किंमत लागू झाली असती तर मी हा लेख बिनशर्त स्तुतीचा लिहिला असता.

तेव्हा निकाल असा: कल्पना पैसे वसूल करणारी, कारागिरी किंमतीला धरून, आणि गिऱ्हाईक अजून तयार नाही. भाच्याला मी सांगितलं, "क्लबात कोणाकडे ते असेलच. त्याला गाठ, गोळ्यांचे पैसे तू दे आणि दोनशे बार करून बघ. पन्नास डॉलरांत कळेल की त्या शतांश सेकंदाशी तुझी अजून ओळख झाली आहे का."

"आणि झालेली निघाली तर?"

"तर मला फोन करू नकोस. ताईला कर."