कातरलेल्या कागदांतील ऋण

कागद कातरून चिकटविणें हा मुलांचा खेळ, आणि जुन्या चित्रकाराची मांडणी उचलणें ही तर उघड चोरी, अशी आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांची समजूत आहे. रामकथा पुनःपुन्हां सांगणाऱ्या मोरोपंतांस मात्र आपण चोर म्हणत नाहीं! रोमेर बिअर्डन (१९११–१९८८) या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराची १९७७ सालची ओडिसियस-चित्रमाला पाहिल्यावर ती समजूत टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

बिअर्डन यांनीं आपलें ऋण कधीं लपविलें नाहीं. चाळिशीच्या सुमारास ते जोत्तो, वेरोनेसे, रेम्ब्रांट यांच्या चित्रांच्या मोठ्या छायाप्रती करवून त्यांवरून अभ्यास करीत. या मालेंतील ओडिसियसच्या पुनरागमनाच्या चित्रास तर त्यांनीं ‘पिंतुरिक्क्यो व बेनिन यांस वंदन’ असें उपनांवच दिलें आहे. पिंतुरिक्क्योनें १५०९ च्या सुमारास सिएना येथील एका वाड्याच्या भिंतीवर मागाशीं बसलेली पेनेलोपी रंगविली होती. सुताच्या गुंड्याशीं खेळणारें मांजर, खिडकींतून दिसणारें जहाज, आंत शिरणारे विवाहेच्छु पुरुष, असा तो देखावा. बिअर्डन यांनीं माग घेतला, खिडकी घेतली, जहाज घेतलें; माणसें तेवढीं काळीं केलीं, आणि तेवढ्यानें कथा पालटली. घरीं परतणारा हा केवळ इथाकेचा राजा राहिला नाहीं. ज्यांचे पूर्वज जहाजांत कोंबून समुद्रापार नेले गेले, त्यांचें घर कोणतें, हा प्रश्न त्याच्यासवें दारांतून आंत येतो.

शिवाय बेनिनचीं पितळी शिल्पें १८९७ च्या स्वारींत इंग्रजांनीं लुटून नेलीं. पिंतुरिक्क्योचें चित्रहि भिंतीवरून उतरून लंडनच्या नॅशनल गॅलरींत गेलें. वंदन केलें तीं दोन्ही घराला मुकलेलीं! चित्रकारानें हें योजिलें असो वा नसो, आम्हांस तें विसरतां आलें नाहीं.

मातीसचें ऋण मात्र इतकें चांगलें फिटलेलें नाहीं. उतारवयांत आजारानें खिळलेला मातीस रंगविलेले कागद कात्रीनें कापून चित्रें रचीत असे. त्याच्या सपाट, तेजस्वी रंगांची छाया बिअर्डन यांच्या समुद्रावर फार दाट पडली आहे. ‘जलदेवता’ या चित्रांतील आकार इतके डौलदार आहेत कीं, बुडणाऱ्या ओडिसियसविषयीं भीति वाटेनाशी होते. तेथें मातीस आधीं दिसतो, बिअर्डन शोधावे लागतात. म्हणून ही माला पाहणारानें पुनरागमनाचें चित्र प्रथम पाहावें, समुद्र मागाहून.