प्रश्नावलीबाहेरचे मूल

मुलांच्या मानसिक आरोग्यावरील लेखनात सध्या एक आकडा वारंवार भेटतो : ८१ टक्के. एनसीईआरटीने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात देशभरातील सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. चिंतेचे कारण म्हणून ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवले. निष्कर्ष खोटा आहे असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप त्याच्या वाचनाला आहे. पाहणीत असलेल्या मुलांबद्दलचे विधान आपण सरसकट सगळ्या मुलांना लावतो.

छत्रपती संभाजीनगरात बसून हा अहवाल वाचताना माझे लक्ष आधी महिन्यांकडे गेले. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. जानेवारी ते मार्च हा गळीत हंगामाचा भर. उचल घेतलेल्या जोडप्याला घरी मूल सांभाळणारे कोणी नसेल आणि गावात हंगामी वसतिगृह नसेल, तर मूलही कोपीवर जाते. नाव शाळेच्या पटावर राहते, मूल उसाच्या फडात. परीक्षेची चिंता वाटायला आधी परीक्षेपर्यंत पोचावे लागते.

अशा मुलाचे मन समजून घ्यायचे तर मला साहित्याकडे वळावे लागते, आणि तेही याच शहरातल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तिथे शिकलेले प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे आत्मकथन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. आईवडिलांविना बहिणीच्या आधाराने वाढणाऱ्या मुलाचे हे शिक्षण. शिक्षणशास्त्रातील संशोधनात ‘स्वास्थ्य’ आणि ‘शैक्षणिक संपादणूक’ हे दोन स्वतंत्र चल धरतात आणि त्यांचा सहसंबंध काढतात. या पुस्तकात ते वेगळे करता येत नाहीत. पोटाला मिळणे, पाठ टेकायला जागा मिळणे, माणूस म्हणून वागवले जाणे आणि धडा समजणे या सगळ्याचा एकच गुंता आहे. सहसंबंध दोन गोष्टी बरोबर चालतात एवढे सांगतो. कोणती कशामुळे हलते, हे त्यातून कळत नाही.

मात्र आत्मकथनालाही एक मर्यादा आहे. ते शेवटपर्यंत टिकलेला लिहितो. चौथीतच गळालेला त्याचा सोबती पुस्तक लिहीत नाही. म्हणून सोनकांबळे वाचून ‘जिद्द असली की सगळे जमते’ असे म्हणणे तितकेच भाबडे ठरेल. जिद्द असूनही बुडालेले किती, हे कोणत्याही आत्मकथनातून कळणार नाही. ते मोजणीनेच कळेल. इथे मला संशोधक हवा आहे, आणि कसून काम करणारा हवा आहे.

मिलिंद हे नाव भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. पदव्यांसाठी होणाऱ्या प्रबंधांमध्ये प्रश्न बहुधा तयार प्रश्नावलीतून येतात आणि हजर मुलांपुढे ठेवले जातात. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रबंधात पहिल्या कोष्टकाच्या आधी दोन ओळी असाव्यात : पाहणीच्या दिवशी पटावरची किती मुले वर्गात नव्हती, आणि ती कुठे होती. या दोन ओळी लिहायच्या तर संशोधकाला शाळेबाहेर पडून गावात चौकशी करावी लागेल. ‘मुलांचे स्वास्थ्य’ हा शब्द वापरण्याचा अधिकार मी त्यानंतरच मान्य करीन.