कृतज्ञतेचा जमाखर्च : मराठी आत्मकथनांतील घरच्यांचे ऋण

पदवीच्या वर्गाला आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना उत्तरपत्रिकांत एक शब्द मला वर्षानुवर्षे भेटत आला आहे : 'त्यागमूर्ती'. श्यामची आई त्यागमूर्ती, रमाबाई आंबेडकर त्यागमूर्ती, 'झोंबी'तली आई त्यागमूर्ती. शब्द खोटा नाही. अडचण एवढीच की, तो लिहिला की उत्तर संपते. कोणी नेमके काय सोडले, त्यातून कोणाला काय मिळाले, सोडणाऱ्याला कोणी विचारले होते का, हे प्रश्न मग कोणाला पडतच नाहीत. आपल्या समीक्षेचेही थोडेफार असेच झाले आहे. आत्मकथनांतील आई-बापांविषयी आपण गहिवरून पुष्कळ लिहिले. त्यांच्या कष्टांची नोंद लेखकाने कशी केली आहे, हे मात्र फारसे तपासले नाही.

प्रस्तुत लेखात मी ही नोंद तपासू पाहतो आहे. माझे म्हणणे असे की, मराठीतील चांगल्या आत्मकथनांत कृतज्ञता ही स्तुतीच्या रूपाने येत नाही, हिशेबाच्या रूपाने येते. आणि जिथे हिशेब असतो, तिथे देणाऱ्या माणसाचा राग, हट्ट, तक्रार यांनाही जागा असते.

सुरुवात अर्थातच 'श्यामची आई'पासून करायला हवी. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची आई १९१७ साली गेली होती. म्हणजे हे सोळा वर्षांनी फेडायला घेतलेले देणे आहे, आणि ज्याला ते द्यायचे ती व्यक्ती ते घ्यायला हयात नाही. पुस्तकात श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. पुस्तकातल्या सगळ्या रात्री या उशिराच्या जाणिवेखाली सांगितल्या गेल्या आहेत, हे विसरून त्यातील अश्रूंची टिंगल करणे सोपे आहे. अनेकांनी ती केली. मला त्या टिंगलीत कधी रस वाटला नाही. पण नुसत्या गहिवरातही वाटला नाही.

कारण पुस्तकातले सर्वांत बारीक निरीक्षण अश्रूंपासून दूर, एका साध्या जेवणाच्या प्रसंगात आहे. 'अळणी भाजी' ही ती रात्र. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता, काही बिघडलेच नाही अशा रीतीने जेवतात आणि भाजीला नावाजतात. वडील बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. सर्वांचे झाल्यावर आई पान वाढून घेते, पहिला घास तोंडात घालते, आणि तिला कळते. शाळेत आपल्याला हा प्रसंग जिभेवरच्या ताब्याचा धडा म्हणून शिकवला गेला : करणाऱ्याचे कष्ट आठवावेत, पानातले गोड मानून घ्यावे. घरात जे आहे त्याची किंमत ओळखायला हा धडा चांगलाच आहे, आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी पुढे अळणी, करपलेले, गार झालेले निमूटपणे खाल्ले त्यामागे हीच रात्र असावी.

पण प्रसंग इथे संपत नाही. आईला वाईट वाटते ते नुसते मीठ विसरल्याचे नाही. मला कोणी सांगितले का नाही, हे तिला लागते. तिने केलेली भाजी नीट व्हावी ही तिची इच्छा होती. घरच्यांच्या मौनाने तिचा मान राखला, पण भाजी सुधारायची संधी तिच्या हातून गेली. गुरुजी इथे आई की वडील, थोर कोण, असा प्रश्न ऐकणाऱ्यांपुढे टाकतात खरा. परंतु आईची तक्रार त्यांनी गाळली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. कृतज्ञ मुलाला ती गाळणे सहज शक्य होते. ती ठेवल्यामुळे आपल्याला दिसते की, वडिलांचे मौन आणि आईची तक्रार या दोन्हींत प्रेम आहे, आणि तरीही त्यांचा मेळ बसत नाही.

तीच गोष्ट 'पर्णकुटी'ची. वाटणीनंतर कुटुंब श्यामच्या आजोळच्या आश्रयाने राहते, आणि आईला ते सोसवत नाही. गवताची का होईना, स्वतःची झोपडी हवी, हा हट्ट तिचा. जे आहे त्यात सुख मानणारी म्हणून आपण जिला ओळखतो, ती इथे जे आहे ते साफ नाकारते. तिचे समाधान हे स्वाभिमानाच्या अटीवरचे समाधान आहे. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने, आणि त्यातल्या वनमालाबाईंच्या मुद्रेने, ही आई घराघरांत पोचवली. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदकही त्या चित्रपटाला मिळाले. पण मनात राहिली ती सोसणारी आई. हट्टी आई शोधायला मात्र पुस्तकाकडेच परत जावे लागते.

यानंतर ज्या मजकुराकडे मी वळतो आहे तो आत्मचरित्र नाही, वृत्तपत्रातला अग्रलेख आहे. तरीही मराठीतील कृतज्ञतेच्या इतिहासात त्याला मी फार वरचे स्थान देईन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेले 'बहिष्कृत भारत' पैशाअभावी अडचणीत आले, तेव्हा १९२८ च्या एका अग्रलेखात त्यांनी वाचकांपुढे थेट ऋणाचा प्रश्न मांडला. पत्राचे ऋण हे लौकिक ऋण नाही काय, असा तो प्रश्न. त्यात स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी ठेवून ते पत्नीविषयी लिहितात. आपण परदेशी असताना प्रपंचाची काळजी तिने वाहिली. परतल्यावरच्या विपन्नावस्थेत तिने डोक्यावरून शेणाचे भारे वाहिले. आणि अशा स्त्रीच्या सहवासात आपल्याला चोवीस तासांतला अर्धा तासही घालवता आला नाही.

हा तपशील पाहा. शेणाचे भारे, आणि अर्धा तास. एकीकडे तिने काय दिले, दुसरीकडे आपण काय देऊ शकलो नाही. दोन्ही बाजू मोजता येतील अशा शब्दांत. अग्रलेखाचा हेतू वर्गणीदारांना जागे करण्याचा होता, त्यामुळे घरातली गोष्ट चव्हाट्यावर का आणली असे कोणी म्हणू शकेल. मला उलट वाटते. चळवळीचा जमाखर्च मांडायचा तर त्यात घरातून गेलेली रक्कमही धरली पाहिजे, असा आग्रह त्यामागे आहे. रमाबाई १९३५ मध्ये गेल्या. १९४० च्या अखेरीस सिद्ध झालेला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेतही हलाखीच्या, एकाकी दिवसांत तिने सोबत सोसल्याची नोंद आहे. पण अग्रलेख ती हयात असताना लिहिला गेला, हा फरक मला लहान वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ज्यांच्या नावावर हा 'त्याग' जमा होतो त्या स्वतः लिहायला बसल्या तर काय लिहितात? लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लहान दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि पुढे १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने, त्यांनीही तो धर्म घेतला. एवढ्या उलथापालथीवर कोणीही करुणरसाचा ग्रंथ उभा केला असता. लक्ष्मीबाई हसतात. हातात आलेला पैसा वाटून मोकळ्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार करताना होणारी चिडचिड त्या लपवत नाहीत आणि तिचे भांडवलही करत नाहीत. टिळकांवरचे त्यांचे प्रेम पानोपानी दिसते ते भांडणांसकट. आपण काही सोडले, असा आव त्यांच्या निवेदनाला कुठेच नाही.

आनंदीबाई कर्वे यांच्या 'माझे पुराण'चा (१९४४, संपादन कावेरी कर्वे) सूर अधिक रोखठोक आहे. बालविधवा म्हणून पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात आलेल्या या बाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. अण्णांच्या 'आत्मवृत्ता'त (१९१५) संस्थेला दिलेला पैसा म्हणजे ध्येयाकडे टाकलेले पाऊल. बायांच्या पुस्तकात तोच पैसा मुलांच्या तोंडचा, उद्याच्या काळजीचा. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एकाच रकमेची दोन खात्यांवरची नोंद वाचल्यासारखे होते. अण्णांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. मात्र ते एकट्याच्या खिशातून आलेले नव्हते, हे कळते. आणि बायांची संमती प्रत्येक वेळी गृहीत धरता येत नव्हती, हेही. संशोधकांनी ही दोन पुस्तके नेहमी जोडीने शिकवावीत, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात आत्मकथनाची लाट आली, आणि शिक्षणासाठी झगडणाऱ्या मुलाचे घर हा तिचा मोठा विषय झाला. नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही'मध्ये (१९९३) एक वेगळी गोष्ट घडते. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या निवृत्त वडिलांना मुलाने लिहिते केले. त्यामुळे मुलांच्या यशाचे श्रेय घेण्यासाठी हा बाप फोटोच्या चौकटीत उभा राहत नाही. स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या रुबाबात बोलत सुटतो. वडिलांचे उपकार मानण्यासाठी त्यांच्या हाती पेन देणे, ही कल्पना मला अजूनही पुस्तकातल्या कुठल्याही प्रसंगाइतकीच आवडते.

आनंद यादवांच्या 'झोंबी'त (१९८७) अशी सोय नाही. कागलच्या मळ्यावर राबणारे घर, शाळेला विरोध करणारा, हात उचलणारा बाप आणि आड उभी राहणारी आई, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. यादवांनी बापाला क्षमा करून गोड केले नाही, तसेच आईला देव्हाऱ्यात नेले नाही; बाळंतपणे, मारहाण, उपास आणि वैताग यांच्यासकट ती तिथे आहे. पण दर वेळी वाचताना माझी नजर आई-बापांच्या पलीकडे भावंडांकडे जाते. एक मुलगा शाळेत गेला म्हणून त्याच्या वाटणीचे काम संपत नाही. वैरण आणायची असते, पाणी पाजायचे असते, धाकटे पोर काखेला घ्यायचे असते. ते काम कोणाच्या तरी अंगावर पडते, आणि बहुधा ज्याला शाळा मिळणार नाही त्याच्याच. आई-बापांचे ऋण सांगायला आपल्या भाषेत तयार शब्द आहेत. धाकट्या बहिणीचे ऋण सांगायला नाहीत.

यादवांना हे जाणवत होते. 'घरभिंती'त (१९९२) शिकून सावरलेला भाऊ मागे राहिलेल्या भावंडांचे संसार उभे करण्यासाठी धडपडतो, आणि ती धडपड पुरी पडत नाही. मदत घेणारे दर वेळी कृतज्ञ नसतात, देणाराही दर वेळी प्रसन्न नसतो. वाचकांनी या खंडाला 'झोंबी'इतके उचलून धरले नाही. त्यात विजय नाही, हिशेब आहे. आणि तो जुळत नाही. ज्या घरांत एकाच्या फीसाठी दुसऱ्याची शाळा सुटली, त्या घरांतल्या शिकलेल्या माणसाने 'घरभिंती' वाचावे, आणि जमल्यास आपल्या त्या बहिणीला किंवा भावाला वाचून दाखवावे. काही पाने वाचताना अडखळायला होईल. मला वाटते, ते समोरच्याच्याही लक्षात येईल.